स्वप्नात शिरण्यासाठी मागवलेलं चित्र : आर्नोल्ड ब्योकलिनचं 'मृतांचं बेट'

शिसपेन्सिल

मागे इथे प्रतीकवादी चित्रकारांचा विषय निघाला होता. मोरो, रेदों यांच्यावर भरपूर बोलणं झालं, पण ब्योकलिन राहूनच गेला. तेव्हापासून त्याच्या एका चित्रावर सविस्तर लिहायचं मनात होतं.

चित्र बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असेल. अंधारून आलेलं आकाश, जराही न हलणारं पाणी आणि मधोमध एक खडकाळ बेट. दोन्ही बाजूंना उंच कडे, त्यांत माणसाच्या हाताने कोरलेली दारं आणि कोनाडे. कड्यांच्या मधल्या पोकळीत सायप्रसची झाडं, काळीभोर, सरळसोट, एकमेकांना चिकटून. समोर दगडी धक्का आणि धक्क्याला आत जायची वाट. एक छोटी होडी तिकडे चालली आहे. मागच्या टोकाला वल्हेकरी. पुढे नखशिखांत पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेली एक व्यक्ती उभी, आपल्याकडे पाठ करून. होडीत आडवी ठेवलेली एक शवपेटी, पांढऱ्या कापडाखाली झाकलेली, वर माळा.

चित्रात एवढंच आहे. कोण मेलं, होडीत उभं आहे ते कोण, बेटावर कुणी वाट बघतंय का, यातलं काहीही ब्योकलिन सांगत नाही. बेट कुठलं तेही त्याने कधी सांगितलं नाही. इस्कियाजवळचा आरागोनी किल्ला, कॉर्फूजवळचं पोंतिकोनिसी, व्हेनिसचं सान मिकेले असे अनेक दावे लोक करत आले आहेत. मला त्या शोधात फारसा रस नाही, कारण ही जागा नकाशावर सापडली तर चित्राचं काहीतरी हरवेल असं वाटतं.

मला सांगायची आहे ती या चित्राच्या जन्माची गोष्ट. १८८० साली ब्योकलिन फ्लॉरेन्सला राहत होता. अलेक्झांडर ग्युंथर नावाच्या आश्रयदात्यासाठी तो एक बेट रंगवत होता आणि ते अर्धवट अवस्थेत इझलवर होतं. एप्रिल महिन्यात मारी बेर्ना नावाची बाई त्याच्या स्टुडिओत आली. तिचा नवरा गेओर्ग बेर्ना १८६५ साली घटसर्पाने गेला होता, तिशीही गाठायच्या आत. म्हणजे ती आली तेव्हा त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली होती आणि ती आता दुसऱ्या लग्नाच्या उंबरठ्यावर होती. इझलवरचं चित्र बघून ती थबकली आणि मलाही असं स्वप्नात शिरण्याजोगं चित्र हवं म्हणाली. ब्योकलिनने तिच्यासाठी लाकडी फळीवर त्याच विषयाची लहान आवृत्ती केली. तिच्या सांगण्यावरून त्यात शवपेटी आणि पांढरी आकृती आली. ही कल्पना त्याला इतकी पटली की मग त्याने मूळ, मोठ्या चित्रातही दोन्ही गोष्टी घातल्या.

हे वाचल्यापासून माझी या चित्राकडे बघायची दृष्टी पार बदलली. म्हणजे ब्योकलिनच्या मनात आधी होतं ते फक्त बेट, पाणी आणि शांतता. आज आपण ज्या दोन गोष्टींमुळे हे चित्र लक्षात ठेवतो, त्या एका विधवेच्या आठवणीतून आत आल्या. आणि तिने नवऱ्याचं स्मारक मागितलेलं नाही. त्याची तसबीर, त्याचं नाव, देवदूत, क्रूस, काहीच नाही. तिने अशी जागा मागितली जिथे मनाने जाऊन बसता येईल. ब्योकलिनने तिला पत्रात लिहिलं होतं की हे चित्र बघताना तुम्ही सावल्यांच्या जगात इतक्या आत जाल की समुद्रावरची मंद झुळूक जाणवेल, आणि मोठ्याने एखादा शब्द उच्चारून ती शांतता मोडायची भीती वाटेल.

शोकाची चित्रं युरोपात हजारोंनी आहेत. बहुतेकांत कुणीतरी रडत असतं. इथे चेहराच नाही. पाठमोरी आकृती असल्यामुळे आपण तिच्याकडे बघत नाही, तिच्या मागे उभे राहून ती जिकडे बघतेय तिकडे बघू लागतो. मला वाटतं चित्राची सगळी ताकद इथे आहे. आपल्याला त्या होडीत जागा मिळते.

थोडं ब्योकलिनविषयी. जन्म १८२७, स्वित्झर्लंडमधलं बाझल. शिक्षण ड्युसेलडॉर्फला. नंतर रोम, आणि तिथे १८५३ मध्ये आंजेला पास्कुच्चीशी लग्न. या दोघांना चौदा मुलं झाली, त्यातली आठ त्याच्या हयातीत गेली. मारिया नावाची तान्ही मुलगी फ्लॉरेन्सच्या इंग्रज दफनभूमीत पुरलेली आहे. ती दफनभूमी त्याच्या स्टुडिओपासून जवळच होती. तीही एका उंचवट्यावर आहे आणि तिथेही सायप्रस आहेत. बेटाचं मूळ हवंच असेल तर मी तिथे शोधेन. १८७२ च्या त्याच्या एका आत्मचित्रात तो हातात कुंचला घेऊन उभा आहे आणि खांद्यामागून मृत्यूचा सांगाडा व्हायोलिन वाजवतोय. व्हायोलिनला तार एकच. चित्रकार रंगवायचा थांबून ऐकतो आहे. मृत्यू त्याला काही नवा पाहुणा नव्हता.

तुम्ही हे चित्र कसं बघता ते वाचायला आवडेल. प्रत्यक्ष पाहिलं असेल तर नक्की लिहा.

---

रानजाई

सुरेख लिहिलंयस. शवपेटी नंतर आली हे अजिबात माहीत नव्हतं.

मला हे चित्र पाहिल्यावर पहिल्यांदा वैतरणी आठवली होती. आजी गरुडपुराणातलं सांगायची, त्यातली नदी मात्र भयंकर, रक्तापुवाने भरलेली, पार करायला गाईचं शेपूट धरायचं. इथलं पाणी त्याच्या अगदी उलट. यातना नाहीत, हिशेब नाही, यमदूत नाही. ग्रीक पुराणातला नावाडी खारॉन आहे म्हणतात, पण तोही नाणं मागताना दिसत नाही. पलीकडे जाण्याची इतकी निर्भय कल्पना मला दुसऱ्या चित्रात आठवत नाही.

एक प्रश्न : याच्या नक्की किती आवृत्त्या आहेत? नेटवर प्रत्येक ठिकाणी आकाश वेगळं दिसतं. कुठे जवळपास काळं, कुठे जांभळट राखाडी.

---

शिसपेन्सिल

@रानजाई, नेटवर छायाचित्रांचे रंगही इकडेतिकडे होतात, पण मुळात चित्रंच वेगवेगळी आहेत. ब्योकलिनने स्वतः पाच केली.

पहिली दोन १८८० ची. मोठं चित्र आज बाझलच्या कुन्स्टम्यूझियम या कलासंग्रहालयात आहे आणि मारी बेर्नाचं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. या दोघांना ब्योकलिन थडग्यांचं बेट म्हणायचा. तिसरं १८८३ चं, बर्लिनचा कलाविक्रेता फ्रिट्झ गुर्लिट याच्यासाठी. 'मृतांचं बेट' हे नाव या गुर्लिटचं. विक्रेत्याला कशाला गिऱ्हाईक आहे ते बरोबर कळलं होतं. या चित्रात आकाश उजळलं, कडे धारदार झाले, आणि उजवीकडच्या खडकातल्या एका कबरीच्या दारावर ए. बी. ही अक्षरं आली. चित्रकाराची स्वतःचीच आद्याक्षरं! सही चित्राच्या कोपऱ्यात असते, ही मात्र त्याने बेटाच्या आत, एका कबरीवर केली. प्रत मिळाली तर मोठी करून जरूर बघ.

चौथं १८८४ चं, पैशाच्या गरजेपोटी केलेलं. ते पुढे उद्योगपती हाइनरिश थिसेनकडे गेलं, त्याच्या बर्लिनमधल्या बँकेत लागलं आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात जळालं. आता त्याचा फक्त कृष्णधवल फोटो उरलाय. पाचवं १८८६ चं, लाइपझिगच्या संग्रहालयाने मागवलेलं, अजूनही तिथेच आहे. सहावं त्याच्या अखेरच्या काळातलं, मुलगा कार्लो याच्यासोबत केलेलं. ब्योकलिन १९०१ च्या जानेवारीत गेला. ते चित्र आता सेंट पीटर्सबर्गला हर्मिताज संग्रहालयात आहे.

---

ऱ्हाइनकाठ

बाझलमध्ये नोकरीनिमित्त राहतो, त्यामुळे लिहायलाच हवं.

इथलं चित्र चांगलं मोठं आहे, साधारण १११ बाय १५६ सेंटिमीटर. पुस्तकात बघताना नजर थेट होडीवर जाते. प्रत्यक्षात माझं तसं झालं नाही. आधी दिसला तो झाडांचा काळा पुंजका. तो झाडांचा आहे हेसुद्धा जरा वेळाने कळतं, इतका तो गडद आणि मऊ कडांचा आहे. मग डोळे सरावले की कड्यांचा उबदार रंग वर येतो आणि सगळ्यात शेवटी होडी. होडी अगदी लहान आहे. बेटासमोर माणूस किती किरकोळ आहे ते छापील चित्रात कळत नाही, कारण तिथे सगळंच लहान झालेलं असतं.

आणखी एक. खाली पाणी आणि वर आकाश यांचा रंग इतका जवळचा आहे की क्षितिज शोधावं लागतं. बेट तरंगत असल्यासारखं वाटतं ते त्यामुळे असावं.

या शहरात ब्योकलिन बराच आहे. ऑगस्टिनरगासेवरच्या संग्रहालयाच्या जिन्यात त्याने केलेली मोठी भित्तिचित्रं आहेत, १८६८ ते ७० च्या सुमाराची. आज तिथे निसर्गविज्ञान संग्रहालय आहे, शाळेची पोरं डायनासोर बघायला त्याच जिन्याने धावत जातात. कुन्स्टहाले या कलाप्रदर्शनांच्या इमारतीच्या बागेच्या बाजूला त्याने घडवलेले वेडेवाकडे दगडी मुखवटेही आहेत. ते बघितल्यावर कळतं की हा माणूस सतत उदास बसणारा नव्हता. आणि उडण्याचं यंत्र बनवायच्या मागे तो कित्येक वर्षं होता, खरोखर प्रयोग करायचा.

---

तांबडी माती

लेख आवडला, पण मला हे चित्र आवडत नाही आणि का ते लिहितो.

एक तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच्या छापील प्रती जर्मनीत घरोघरी लागल्या होत्या. दिवाणखान्यात मृत्यूचं बेट आणि खाली चहाचे कप. जी गोष्ट इतकी सहज भिंतीवर बसते तिच्यात खरं दुःख असेल का? युलिउस मायर-ग्रेफ या समीक्षकाने १९०५ मध्ये ब्योकलिनवर आख्खं पुस्तक लिहून हल्ला चढवला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की यात चित्रकला कमी आणि नाटक जास्त आहे. त्याच काळात फ्रान्समध्ये मोने, सेझान काय करत होते ते बघा. ब्योकलिन नेपथ्य उभारतो : उंच कडे, काळी झाडं, पांढरं वस्त्र. भावना आपोआप निर्माण व्हावी म्हणून सगळं मांडून ठेवलंय.

दुसरं, १८८३ ची आवृत्ती हिटलरने १९३० च्या दशकात मिळवली आणि पुढे ती बर्लिनच्या राइश चॅन्सलरीत, म्हणजे त्याच्या सरकारी कार्यालयात, लागली होती. ज्या माणसाने लाखोंना मारलं त्याला हे चित्र बघून शांत वाटत असेल, तर त्या शांततेबद्दल मला शंका येते.

---

कुंचला७

@तांबडी माती, तुमचा नेपथ्याचा मुद्दा चित्रकार म्हणून मला अर्धा मान्य आहे. हो, हे मांडून ठेवलेलं आहे. पण मांडणी किती अवघड आहे ते बघू या.

विद्यार्थ्यांना मी हे चित्र दाखवते ते रचनेसाठी. संपूर्ण चित्र दोन दिशांवर उभं आहे. आडवी पाण्याची पातळी, धक्का, होडी, शवपेटी. उभी झाडं, कडे, पांढरी आकृती. तिरकी रेषा जवळजवळ नाहीच, आणि तिरकी रेषा नसली की चित्रातली हालचाल थांबते. होडी चालली आहे हे आपल्याला माहीत असतं, पण ती जाताना दिसत नाही. तिच्या मागे पाण्यात लाटांची फाक उठायला हवी, ती त्याने जवळपास दाबून टाकलीय. स्वप्नात आपण चालतो आणि पोचत नाही, तसा अनुभव इथे येतो आणि तो निव्वळ रेषांतून येतो.

दुसरं म्हणजे उजेड. आकाश काळवंडलेलं आहे, तरी कडे आणि पांढरी आकृती उजळलेली आहे. सूर्य कुठे आहे? चंद्र आहे का? सांगता येत नाही. छायाप्रकाशाचा नियम त्याने मोडलाय आणि तो मोडलेला आपल्या लक्षात येत नाही, फक्त काहीतरी वेगळं वाटत राहतं. दालीने पुढे हे फार जवळून अभ्यासलं असणार, कारण १९३२ मध्ये त्याने या बेटावर स्वतःचं एक चित्रच केलं. आणि इटालियन चित्रकार द किरिको तर म्युनिकला शिकत असताना ब्योकलिनच्या पूर्ण प्रभावाखाली होता. 'देववाणीचं कोडं' या त्याच्या सुरुवातीच्या चित्रात एक पाठमोरी, वस्त्रात गुंडाळलेली आकृती आहे. ती सरळ ब्योकलिनच्या ओडिसियस आणि कॅलिप्सोच्या चित्रातून उचललेली आहे. म्हणजे मायर-ग्रेफला ज्यात चित्रकला दिसली नाही, त्यातून अतिवास्तववादाचा (सर्रिअलिझमचा) एक मोठा झरा निघाला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

---

मध्यम_पंचम

संगीतातून या चित्राकडे आलो, म्हणून थोडी भर.

रशियन संगीतकार सर्गेई रखमानिनोव्हने १९०७ मध्ये पॅरिसला या चित्राची कृष्णधवल प्रत पाहिली. त्यावरून ड्रेस्डेनला राहत असताना 'मृतांचं बेट' ही वाद्यवृंदरचना केली, ओपस २९. पहिला प्रयोग १९०९ मध्ये मॉस्कोला, संचालन स्वतःचंच. मूळ रंगीत चित्र त्याने नंतर पाहिलं आणि त्याला ते तितकंसं भिडलं नाही. आधी मूळ पाहिलं असतं तर कदाचित ही रचना केलीच नसती असं तो म्हणत असे. हे मला सारखं विचारात पाडतं. त्याला रंग नकोच होते, काळ्या-पांढऱ्यात जे उरलं तेच त्याला ऐकू आलं.

रचना सुरू होते ती पाच मात्रांच्या लयीत. पाश्चात्त्य संगीतात दोन, तीन, चार सर्रास, पाच विरळा. दोन आणि तीन, तीन आणि दोन असे तुकडे पडत जातात. आपल्याकडे झपतालाला सरावलेल्या कानांना पाच-दहाच्या घरातलं हे हेलकावणं ओळखीचं वाटेल, फक्त इथे ठेका नाही, चेलो आणि हार्पच्या खालच्या सुरांतून ते सरपटत येतं. वल्हं पाण्यात जातं, बाहेर येतं, आणि दोन्हीला लागणारा वेळ सारखा नसतो. कितीतरी वेळ नुसतं एवढंच चालतं. वीस मिनिटांच्या रचनेत तो बेटावर पोचायची घाई करत नाही.

मधे एक भाग आहे जिथे लय बदलते आणि व्हायोलिनं एकदम आर्त होतात. तिथे जिवंतपणीच्या सगळ्या ओढी परत येतात. आणि मग 'दिएस इरे', म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेतली मध्ययुगीन धून, त्यातले चार स्वर हळूहळू सगळीकडे उगवायला लागतात. शेवटी परत पाच मात्रा. होडी माघारी निघालेली असावी, कारण वल्हेकऱ्याला तर परत यायचंच असतं.

१९२९ मध्ये रखमानिनोव्हने फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. आवाज जुना आहे, पण तेच ऐका. जर्मन संगीतकार माक्स रेगरनेही १९१३ मध्ये ब्योकलिनच्या चार चित्रांवर रचना केल्या, त्यात हेही बेट आहे आणि एक व्हायोलिन वाजवणारा साधूही.

---

शिसपेन्सिल

@मध्यम_पंचम, वल्हेकऱ्याला परत यायचं असतं! हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आता चित्रात सगळ्यात आधी त्याच्याकडेच लक्ष जाणार.

@तांबडी माती, हिटलरच्या मुद्द्याला बगल द्यायची नाही. तो ब्योकलिनचा मोठा चाहता होता हे खरंच आहे. पण चित्र कुणाच्या भिंतीवर लागलं यावरून ते कशाबद्दल आहे हे ठरलं, तर मग मारी बेर्नाच्या भिंतीचं काय? आधी ती होती. एका बाईला तिच्या दुःखासाठी जागा हवी होती, आणि ज्याने पोटची मुलं पुरली होती अशा चित्रकाराने ती करून दिली. पन्नास वर्षांनी तिथे कुणीतरी दुसरा येऊन उभा राहिला म्हणून ती जागा मी त्याला देणार नाही.

घरोघरी प्रती लागल्या हा मला दोष वाटत नाही. त्या काळी त्या घरांतून मुलं जात होती, बाळंतपणात बाया जात होत्या. क्षयाला औषध नव्हतं, घटसर्पावरचं प्रतिविष (अँटिटॉक्सिन) १८९० च्या दशकात यायला लागलं. मृत्यू दवाखान्यात नाही, माजघरात व्हायचा. चहाच्या कपांच्या वर भिंतीवर लागलेलं ते चित्र शोभेचं असेलही, पण त्या कपासमोर बसलेल्या बाईच्या मनात काय चाललं होतं ते मायर-ग्रेफने कुठे विचारलं?

आणि ते चित्र लोकांच्या खरंच स्वप्नांत शिरलं होतं. फ्रॉइडने स्वप्नांवरच्या आपल्या पुस्तकात स्वतःचं एक स्वप्न दिलंय, त्यात समुद्रात एक उभा कडा दिसतो आणि तो ब्योकलिनच्या धर्तीचा आहे असं तो नोंदवतो. त्याचा संबंध तो ड्रायफस या देशद्रोहाच्या खोट्या आरोपात अडकलेल्या फ्रेंच अधिकाऱ्याला डांबून ठेवलेल्या बेटाशी लावतो. म्हणजे ब्योकलिन हयात असतानाच लोक त्याच्या चित्रांतून स्वप्नं बघायला लागले होते.

---

तांबडी माती

मारी बेर्नाची भिंत हे उत्तर पटलं. चित्र अजूनही मला फार सजवलेलं वाटतं, पण ते कुणासाठी सजवलं होतं हे विसरून मी बोलत होतो असं म्हणता येईल. न्यूयॉर्कची आवृत्ती आणि बर्लिनची, म्हणजे १८८३ ची, आवृत्ती शेजारी ठेवून पाहिल्या. बर्लिनची मला खरोखर नेपथ्य वाटते, सगळं स्वच्छ आणि रेखीव. न्यूयॉर्कची तशी नाही.

---

रानजाई

मलाही तसंच वाटलं. गुर्लिटसाठी केलेल्यात प्रत्येक दगड दिसतो. स्वप्नात असं दिसत नाही ना.

पण हे 'प्रतीकवादी' का म्हणायचं? सायप्रस म्हणजे शोक, होडी म्हणजे प्रवास, एवढ्यावरून?

---

कुंचला७

नाही, तसं असतं तर ती नुसती कोड्याची चावी झाली असती. सायप्रस रोमन काळापासून दफनभूमीचं झाड आहे हे खरं, ते सगळ्यांनाच माहीत होतं. प्रतीकवाद्यांना हवं होतं ते वेगळं : वस्तू दाखवायची ती वस्तूसाठी नाही, मनाची एखादी अवस्था जागी करण्यासाठी, आणि अर्थ पूर्ण उलगडायचा नाही. झाँ मोरेआसने त्यांचा जाहीरनामा पॅरिसच्या 'ल फिगारो'त छापला तो सप्टेंबर १८८६ मध्ये. म्हणजे ब्योकलिन पाचवं बेट रंगवत होता त्याच वर्षी! त्याने कुठल्या चळवळीत नाव नोंदवलं नव्हतं. तो स्वतःच्या वाटेने आधीच तिथे पोचला होता, म्हणून त्याला या मंडळींचा पूर्वसुरी म्हणतात.

---

अबोली

इथे मी क्वचित लिहिते, वाचते मात्र रोज.

माझे यजमान जाऊन आता बरीच वर्षं झाली. तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगायचा. धीर धर, मुलांकडे बघ, आत्मा अमर आहे, काळ हेच औषध. सगळे प्रेमानेच सांगत होते. पण मला सांगणं नको होतं, कुणीतरी नुसतं शेजारी उभं राहायला हवं होतं. तेराव्यानंतर माणसं आपापल्या घरी गेली आणि मग खरी सुरुवात झाली. पंधरा वर्षांनी दुसऱ्या संसाराच्या तयारीत असतानाही मारी बेर्नाला ते चित्र हवंसं वाटलं, याचं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. पुढे जाणं आणि विसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्यांची गल्लत करतात.

शिसपेन्सिल, तुम्ही लिहिलंत की त्या होडीत आपल्याला जागा मिळते. मला मात्र असं दिसतं की ती पांढरी बाई पेटीला पोचवायला चालली आहे, आणि ती जाईल फक्त धक्क्यापर्यंत. आत जाईल ती पेटी. आणि मघाशी कुणी लिहिलं तसं, होडी तिला परत घेऊन येईल.

लेक न्यू जर्सीला असते. उन्हाळ्यात तिच्याकडे जाणं होईल. तेव्हा हे चित्र बघता येईल का?

---

ऱ्हाइनकाठ

अबोलीताई, तुमचा प्रतिसाद वाचून इथल्या चित्रासमोर पुन्हा उभं राहावंसं वाटतंय.

इथे ब्योकलिनचं १८८८ चं 'जीवनाचं बेट'ही आहे. हिरवळ, फुलं, ताडाची झाडं, नाचणारी माणसं, पाण्यात हंस आणि जलपऱ्या. आनंदी चित्र आहे, पण माझ्यावर त्याचा परिणाम झाला नाही. पहिल्या बेटावर तो स्वतः जाऊन आला होता, हे दुसरं त्याने मनाने रचलंय असं वाटतं.

---

शिसपेन्सिल

अबोलीताई, तुम्ही लिहिलंत ते मला सुचलंच नसतं. ती पांढरी आकृती म्हणजे मृताचा आत्मा असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं आणि मीही तसंच धरून चालले होते. पण तिला घातलं ते मारी बेर्नाच्या सांगण्यावरून. पेटीत नवरा असेल तर उभी असलेली ती मारी स्वतःच का नसावी? ब्योकलिनने उत्तर दिलेलं नाही, त्यामुळे तुमचं वाचन माझ्या वाचनाइतकंच खरं आहे, आणि मला ते जास्त जवळचं वाटतंय.

न्यू जर्सीहून न्यूयॉर्क म्हणजे तुम्हाला अगदी सोयीचं. मेट्रोपॉलिटनमध्ये आहे ते मारीसाठी केलेलंच चित्र. लाकडावर तैलरंग, साधारण ७४ बाय १२२ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट बाय चार फूट. बाझलपेक्षा लहान आहे, जवळ उभं राहून बघण्यासारखं. संग्रहालय प्रचंड आहे, तेव्हा निघण्याआधी लेकीला त्यांच्या संकेतस्थळावर ते त्या दिवशी मांडलेलं आहे का आणि कुठल्या दालनात आहे ते बघायला सांगा, आणि सरळ तिकडेच जा. बाकीची दालनं नंतर. रखमानिनोव्ह जाण्याआधी ऐकू नका. आधी चित्र तुमचं तुम्ही बघा, संगीत घरी परतल्यावर. आणि बसायला बाक असेल तर लेकीला म्हणावं, अर्धा तास घाई करू नकोस.

---

अबोली

नक्की. दालन क्रमांक लेकीकडून काढून घेते. बघून आले की इथेच लिहीन.